डिसोजा, पण कुठले?

कोपरच्या एका घरात मध्यंतरी लग्नाची बोलणी चालली होती. मुलगी डिसोजा आणि मुलगाही डिसोजा. शेजारच्या काकूंना राहवले नाही. "एकाच कुळात कसे हो चालते तुमच्यात?" मुलीच्या आजीने सांगून टाकले, "आमचे वसईचे, त्यांचे मंगळूरचे." काकूंचे समाधान झाले नाही. खरे म्हणजे आजीचेही झाले नसावे, कारण रात्री तिने तोच प्रश्न घरच्यांना विचारला.

हा प्रश्न कोपरात पडावा हे साहजिकच आहे. खालच्या फलाटावर कल्याण-मुंबईच्या गाड्या आणि वरच्या फलाटावर दिवा-वसईची, असे हे स्थानक. डोंबिवलीच्या परिसरात रविवारच्या मिस्साला वसईकर, गोवेकर आणि मंगळूरकर डिसोजा एकाच बाकावर बसलेले दिसतात. घरी गेल्यावर एक सामवेदी बोलतो. उरलेले दोघे कोकणी बोलतात, पण तीही दोन तऱ्हांची. मग तिघांचे आडनाव एक कसे?

सोझा ही उत्तर पोर्तुगालमधील एक लहानशी नदी; ती पुढे दोरू नदीला मिळते. 'दि' म्हणजे 'चा'. म्हणजे आपल्या चिपळूणकर-संगमनेरकरांसारखेच हे आडनाव, सोझाकाठचा. तिथल्या एका सरदारकुळाने ते धारण केले आणि त्या कुळातील माणसे सोळाव्या शतकात समुद्रापार गेली. १५४९ साली ब्राझीलमध्ये साल्वादोर शहर वसविणारा तोमे दि सोझा त्यांपैकीच. मार्तिम आफोंसो दि सोझा याने तर आधी ब्राझीलमध्ये वसाहत उभारली आणि पुढे तो भारताचा गव्हर्नर झाला. संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले, ते याच सोझाबरोबरच्या प्रवासातून.

तथापि नदीकाठच्या एका कुळाने केवळ संततीच्या बळावर पृथ्वी व्यापणे शक्य नव्हते. आडनाव पसरले ते बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी. १५३४च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे आली. पुढे गावोगावच्या लोकांनी स्नानसंस्कार स्वीकारला, तेव्हा त्यांना संताचे नाव मिळे आणि आडनाव अनेकदा धर्मपित्याचे. धर्मपिता म्हणून उभा राहणारा बहुधा कोणी पोर्तुगीज अधिकारी वा रहिवासी असे. असा एकच गृहस्थ कितीतरी घरांचा धर्मपिता होऊ शकत असे. त्या घरांचे आपसात नाते असो वा नसो, आडनाव मात्र एक झाले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली धर्मपित्यांची नावे नोंदवहीत लिहिण्याची आज्ञा केली. म्हणजे ज्याला आपण वंशाची खूण समजतो, ती पुष्कळदा साक्षीदाराची खूण आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज सत्ता गेली, आडनावे राहिली.

इतरत्र याहून कठोर प्रकार घडला. ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली ती १३ मे १८८८ रोजी. मुक्त झालेल्या अनेकांच्या पदरी जुन्या मालकाचेच आडनाव पडले. त्याआधीच साल्वादोरमध्ये जन्मलेला फ्रान्सिस्को फेलिक्स दि सोझा पश्चिम आफ्रिकेतील विदा बंदरात गुलामांच्या व्यापारावर गबर झाला आणि १८४९ साली तिथेच वारला. त्याचे वंशज आज बेनिनमध्ये नांदत आहेत. त्याच विदात १९३४ साली जन्मलेले इझिदोर दि सोझा पुढे कोतोनूचे आर्चबिशप झाले. १९९० साली बेनिन देश हुकूमशाहीतून लोकशाहीकडे वळला, तो ज्या राष्ट्रीय परिषदेतून, तिचे अध्यक्ष तेच होते. आडनावाने माणसाची पारख करू पाहणाऱ्याने ही दोन नावे शेजारी ठेवून पाहावीत.

श्रीलंकेत हेच आडनाव 'सॉयसा' आणि 'झॉयसा' झाले. डच लोकांनी १६५८ साली पोर्तुगीजांना तिथून घालविले, पण आडनाव टिकले, आणि ते लावणारे कित्येक जण बौद्ध आहेत! स्पॅनिश मुलखांत ते 'सोसा' होते. अर्जेंटिनाची विख्यात गायिका मर्सिडीज सोसा आठवावी.

आपल्यातील काही घरांना 'आमच्या अंगात पोर्तुगीज रक्त' म्हणण्याचा मोह होतो, आणि बाहेरचे काही जण त्याच आडनावावरून आपल्याला परके ठरवितात. दोघांची चूक एकच आहे. आडनावावरून मूळ कळले असते, तर १८८७ साली मुंबई-ठाण्याच्या मूळ कॅथलिकांना 'ईस्ट इंडियन' असे वेगळे नाव घेऊन संस्था काढावी लागली नसती. नोकरीसाठी मुंबईत आलेल्या गोवेकरांची आडनावेही हीच होती. केवळ 'डिसोजा' म्हणून वेगळेपण सांगता येत नव्हते. हरवले ते बाप्तिस्म्यापूर्वीचे कुळनाव, आणि ती खंत मला खरी वाटते.

आता आजीच्या प्रश्नाकडे. १९८३च्या धर्मविधिसंहितेतील १०९१वा नियम आडनाव विचारतच नाही. तो रक्ताचे नाते मोजतो. आडव्या शाखेत चौथ्या पदापर्यंत, म्हणजे सख्ख्या चुलत-मामे-आते-मावस भावंडांपर्यंत, विवाहाला मनाई आहे. वसईच्या आणि मंगळूरच्या धर्मग्रामांतून दाखले मागविण्यात आले. दोन्हीकडे आजोबा-पणजोबांची नावे निराळी निघाली. काकूंना लग्नाचे निमंत्रण गेले. पत्रिकेवर दोन्ही बाजूंना 'डिसोजा' छापलेले पाहून छापखान्याची चूक झाली काय, असे त्यांनी पुन्हा एकदा विचारले.