डोहाळे आणि व्यंग : एका न लिहिलेल्या गर्भारपणाविषयी

२०१८ सालच्या पावसाळ्यात आमची एक माजी विद्यार्थिनी विभागात भेटायला आली. तिचे माहेर घाटकोपर पश्चिमेला, असल्फ्याच्या टेकडीवरच्या चाळीत. लग्नानंतर ती पूर्वेला पंतनगरात, तळमजल्यावरच्या घरात राहू लागली होती. बालपणी झालेल्या पोलिओमुळे तिचा उजवा पाय निकामी झालेला. चालताना कॅलिपर आणि एक कुबडी लागे. मराठी घेऊन एम.ए. झाल्यावर ती ठाण्याच्या एका शाळेत शिकवत होती. तिला पाचवा महिना लागला होता. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तिने विचारले, "मॅडम, माझ्यासारखी गरोदर बाई आपल्या मराठीत कुठे आहे? असेल तर वाचायला द्या."

आम्ही विभागातल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिले. एकीने नसीमा हुरजूक यांच्या 'चाकाची खुर्ची' या आत्मकथनाचे नाव घेतले. ते तिने कधीच वाचले होते, आवडलेही होते. "पण मला आता बाळंतपणाचे पुस्तक हवे आहे," ती म्हणाली. स्त्री-आत्मचरित्रांवर वर्षानुवर्षे व्याख्याने देणाऱ्या आम्हांला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या ओशाळलेपणातून सुरू झालेल्या शोधाचा वृत्तांत आहे.

प्रथम आम्हांला वाटले होते की, येथे निव्वळ मौन असेल. वस्तुतः तसे नाही. आपल्या परंपरेत व्यंग आणि गर्भारपण यांची गाठ वारंवार पडते, पण ती एकाच प्रकारे. व्यंग असते ते गर्भात. आईच्या चुकीची शिक्षा म्हणून किंवा तिने टाळावयाचे संकट म्हणून. आईचे स्वतःचे शरीर व्यंग असलेले आहे आणि तरीही ती निवांतपणे बाळाची वाट पाहते आहे, असे चित्र मात्र आमच्या वाचनात कोठे आले नाही.

महाभारताच्या आदिपर्वात व्यासांना पाहून अंबिका डोळे मिटते, म्हणून धृतराष्ट्र आंधळा जन्मतो; अंबालिका भीतीने पांढरी पडते, म्हणून पंडू फिकट वर्णाचा होतो. दोष दोन्ही वेळा आईच्या माथी. वनपर्वातील अष्टावक्राची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. गर्भातूनच पित्याच्या पठणातील चुका दाखविल्या म्हणून कहोड त्याला आठ ठिकाणी वाकडा होण्याचा शाप देतो. या कथेतील आई, सुजाता, मात्र आपल्या सहसा लक्षात राहत नाही. दहावा महिना लागला असताना ती पतीला एकांतात म्हणते की, घरात धन नाही, मी बाळंतपण कशाने निभावू? म्हणूनच कहोड जनकाच्या दरबारी जातो, वादात हरतो आणि पाण्यात बुडविला जातो. शाप, विद्वत्ता, वादविवाद या सगळ्यांच्या तळाशी एका स्त्रीची बाळंतपणाच्या तयारीची काळजी आहे. शतकानुशतके आपण ही कथा मुलाच्या बाजूने सांगत आलो आहोत.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात हीच दृष्टी शास्त्र म्हणून येते. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, स्त्री दोन हृदयांची होते आणि तिच्या इच्छा डावलल्या तर अपत्य कुबडे, थोटे, लंगडे, बुटके किंवा नेत्रहीन निपजते, असे तेथे सांगितले आहे. 'डोहाळा' हा आपला शब्द या 'दौहृद–दोहद'च्याच कुळातला. चांदण्यातले, झोपाळ्यावरचे, नौकेतले डोहाळजेवण हा आपल्याकडे किती कौतुकाचा सोहळा! गर्भवतीला हवे ते द्यावे, या प्रथेतील माया खरी आहेच. परंतु त्या मायेच्या अस्तराला भीती लावलेली आहे आणि ती भीती आमच्या विद्यार्थिनीसारख्या माणसांचीच आहे, हे आम्हांला या निमित्ताने प्रथम जाणवले. ग्रहणात गर्भवतीने काही चिरू-कापू नये, नाही तर मुलाच्या अंगावर व्यंग उमटते, ही समजूत त्याच अस्तराचा दुसरा तुकडा होय.

मग प्रौढ, व्यंग असलेल्या स्त्रिया पुराणांत नाहीतच काय? भागवतातील कुब्जा आहे. पण कृष्ण आधी तिला सरळ करतो, मगच तिच्या प्रेमाला जागा मिळते. इंदिरा संतांनी आपल्या कवितेत तिला नवे अंतरंग दिले, तरी तेथेही ती प्रेयसीच, आई नव्हे. गांधारी आई आहे, परंतु तिचे आंधळेपण स्वतः डोळ्यांवर बांधून घेतलेले. शिवाय तिचे दोन वर्षांचे गर्भारपण एका कठीण मांसगोळ्यात संपते आणि पुढचे काम तुपाने भरलेले कुंभ करतात. तिच्या कुशीवर कथेचाच विश्वास नाही, असे म्हणावेसे वाटते.

आधुनिक काळाने हे चित्र बदलले असेल, अशी आमची अपेक्षा होती. कॅथलीन व्हॉन या डॉक्टरबाईंनी पडदापद्धती आणि मातृत्व यांवर लिहिलेले पुस्तक १९२८ साली प्रसिद्ध झाले. सूर्यप्रकाशाला पारख्या झालेल्या स्त्रियांची हाडे मऊ पडतात, कटिभाग आकुंचित होतो आणि प्रसूती जीवघेणी ठरते, असे त्यांनी मांडले. येथे व्यंग असलेली गर्भवती अखेर नोंदीत आली, पण रुग्ण म्हणून. पुढे मुंबईत १९४७ साली फातेमा इस्माईल यांनी, स्वतःच्या मुलीच्या पोलिओतून शिकून, पोलिओग्रस्त मुलांसाठी संस्था उभारली. १९५५ साली हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था सुरू झाली. पाय उभा राहावा, शिक्षण व्हावे, नोकरी मिळावी, हा पुनर्वसनाचा अर्थ होता आणि त्याचे मोल कमी नाही. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. पण पोलिओतून वाचलेल्या मुली मोठ्या झाल्या, त्यांची लग्ने झाली, त्यांना दिवस गेले. हे पुढचे प्रकरण कोणी लिहिले नाही.

कायद्याची भाषा तर सुश्रुताच्या आश्चर्यकारकरीत्या जवळची आहे. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यात अपंगत्व येते ते होणाऱ्या मुलातील दोष म्हणून, गर्भपाताला परवानगी देणारे एक कारण म्हणून. १९९५ चा अपंग व्यक्तींविषयीचा कायदा शिक्षण, नोकरी, अडथळेमुक्त रस्ते यांविषयी बोलतो. त्यात माता येते ती अपंगत्वाच्या प्रतिबंधाच्या प्रकरणात. प्रसूतीपूर्व आणि प्रसूतीपश्चात काळजी घ्यावी, ती अपंग मूल जन्मू नये म्हणून! त्याच्या एकच वर्ष आधी, १९९४ साली, शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली आणि त्यावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. त्या मुलींची स्थिती आणि आमच्या विद्यार्थिनीची स्थिती एक नव्हे. पण 'हिला आई होण्याचे काय काम?' हा न उच्चारलेला प्रश्न दोन्हीकडे तोच आहे.

१ ऑक्टोबर २००७ रोजी भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला. त्याच्या २३ व्या कलमात कुटुंब स्थापण्याचा हक्क आहे आणि मुलांच्या संगोपनात शासनाने साहाय्य करावे, असेही म्हटले आहे. २०१६ च्या कायद्याने दहाव्या कलमात जननविषयक हक्काला जागा दिली. अपंग स्त्रीच्या स्पष्ट संमतीविना तिचा गर्भपात करणे हा ९२ व्या कलमाने सहा महिने ते पाच वर्षे कारावासाचा गुन्हा ठरला. तीव्र अपंगत्वाच्या प्रसंगी डॉक्टरांचे मत आणि पालकाची संमती यांचा अपवाद त्यातही आहेच. तरी अपंग स्त्री गरोदर असू शकते, हे आपल्या अपंगविषयक कायद्याला उमगायला २०१६ साल उजाडले.

या इतिहासाचे एक रोजचे चित्र घाटकोपर स्थानकात दिसते. लोकलमधील राखीव डबा अपंगांसाठी, कर्करोगाच्या रुग्णांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी आहे. आमच्या विद्यार्थिनीला त्या डब्यात एका सहप्रवाशाने विचारले होते, "तुम्ही यातल्या कोण?" दोन्ही, हे उत्तर त्याला थट्टा वाटले. ज्या फलाटावरून ती चढे, त्याच स्थानकात ११ जानेवारी २०१४ रोजी सोळा वर्षांच्या मोनिका मोरे हिने फलाट आणि गाडी यांमधील फटीत पडून दोन्ही हात गमावले होते. २०२० साली मुंबईतच तिच्यावर दोन्ही हातांच्या प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली. पुराणे व्यंगाचे कारण आईच्या कुशीत शोधतात; या शहरात ते फलाटाच्या उंचीतही असते.

आता तिच्या तयारीविषयी. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, हा रिवाज. पण मेट्रोचे उद्वाहन असल्फा स्थानकापाशी संपते. पुढे टेकडीच्या पायऱ्या आहेत, पावसाळ्यात शेवाळलेल्या. म्हणून माहेरच खाली उतरून पंतनगरात आले. आईने येताना अळीव, डिंक, वेखंड, जुन्या लुगड्यांची दुपटी आणि पाळण्याची दोरी आणली. ज्या प्रसूतिगृहात तिने आधी नाव घातले होते, तेथे तपासणीचे टेबल इतके उंच होते की, दोघींनी उचलल्याशिवाय तिला वर चढता येईना. शिवाय दर भेटीत बोलणे व्हायचे ते सासूशी. तिने डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरीणबाईंनी तिच्याशीच बोलायला सुरुवात केली आणि कणा किंचित वाकलेला असल्याने भूल देणाऱ्या डॉक्टरांची भेट सातव्या महिन्यातच घडवून आणली.

घरी प्रश्न होता तो अंघोळीचा. आपल्याकडे पाय पसरून पाटावर बसतात आणि बाळाला नडग्यांवर घेऊन न्हाऊ घालतात. हिचा एक पाय काडीसारखा, बाळ कलंडणार. तिने तीन किलो तांदळाची पिशवी दुपट्यात गुंडाळली आणि महिनाभर सराव केला. उभ्याने बाळ घेऊन चालायचे नाही, हे तिने ठरविले. कॅलिपर काढून जमिनीवर बसून सरकले तर पडण्याची भीतीच उरत नाही. म्हणून सारे घर जमिनीवर आणले. झोळी भुईपासून वीतभर उंच बांधली. लंगोट, तेल, पाणी हाताच्या टप्प्यात ठेवले. नडग्यांऐवजी पसरट टब. आईला आधी हे पटेना. पण भुईवर बसून मूल वाढविणे यात आपल्या आज्यांना नवे वाटावे असे काय होते?

डोहाळजेवणाला आम्ही गेलो होतो. झोपाळा नको, तो हलतो, असे सांगून ती साध्या खुर्चीत बसली. ओटी भरणाऱ्या सवाष्णींत तिने आपली एक अंध मैत्रीण मुद्दाम बसविली. एका वृद्ध बाईंच्या चेहऱ्यावर क्षणभर जुनी भीती सरकून गेली. पण त्या बोलल्या काहीच नाहीत आणि त्यांनीच त्या मैत्रिणीचा हात धरून तो ओटीपर्यंत नेला.

नोव्हेंबरात शस्त्रक्रियेने मुलगी झाली. पुढे तिने आम्हांला एक दोनशे पानी वही दाखविली. तीत महिनावार नोंदी होत्या : कोणत्या महिन्यात कुबडीची उंची बदलावी लागली, दुपटे दातांत धरून गाठ कशी मारायची, कोणाची मदत घ्यायची आणि कोणाला नम्रपणे घरी पाठवायचे. भाषा कोरडी, वाक्ये तुटक. साहित्य म्हणून आम्ही तिला एरवी काय गुण दिले असते, कोण जाणे! परंतु पावसाळ्यात तिने मागितलेले पुस्तक हेच होते आणि ते तिलाच लिहावे लागले. तिच्या परवानगीने, नाव वगळून, त्या वहीची छायाप्रत आम्ही विभागाच्या कपाटात स्त्री-आत्मचरित्रांच्या खणात ठेवली आहे. पुढच्या वर्षी कोणी विषय मागायला आले, तर आम्ही प्रथम तो खण उघडणार आहोत.