एकाच कुत्र्यात दोन संप्रेरक-विकार : उपचारांचा क्रम आणि मात्रेचे गणित

मधुमेह झालेल्या कुत्र्याला दिवसातून दोन वेळा इन्सुलिन टोचणे, जेवणाच्या वेळा सांभाळणे आणि ठरावीक काळाने रक्तशर्करा तपासणे ही शिस्त पाळली, तर अनेक कुत्री कित्येक वर्षे समाधानाने जगतात. काही कुत्र्यांमध्ये मात्र इन्सुलिनची मात्रा वाढवत नेली तरी साखर उतरत नाही. तहान आणि लघवीचे प्रमाण कमी होत नाही, पोट सुटते, अंगावरचे केस विरळ होतात. इन्सुलिनच्या साठवणुकीत किंवा ते टोचण्यात चूक नसेल, तर अशा वेळी दुसऱ्या एखाद्या अंतःस्रावी ग्रंथीचा विकार सोबत आहे का, याचा शोध घ्यावा लागतो.

एकाच प्राण्यात दोन संप्रेरक-विकार असणे ही नित्याची बाब नाही. पण ती दुर्लक्ष करण्याइतकी दुर्मीळही नाही. खरी अडचण उपचारांत आहे. एका विकाराचे औषध सुरू झाले की दुसऱ्या विकाराच्या औषधाची गरज बदलते. हा बदल वेळेवर लक्षात आला नाही, तर काल अपुरी पडणारी मात्रा आज जीवघेणी ठरू शकते.

विकार कोणते?

कुत्र्यांमध्ये प्रामुख्याने चार संप्रेरक-विकार आढळतात. पहिला मधुमेह. यात स्वादुपिंडातून पुरेसे इन्सुलिन मिळत नाही. या विकाराचे औषधच कुत्र्यांवरील प्रयोगांतून माणसाला मिळाले. १९२१ साली टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांना ग्रंथीचा अर्क देऊन त्यांची रक्तशर्करा खाली आणली होती.

दुसरा कुशिंगचा विकार. यात अधिवृक्क म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून कॉर्टिसोल हे संप्रेरक प्रमाणाबाहेर स्रवते. अशा कुत्र्यांपैकी सुमारे ८० ते ८५ टक्के कुत्र्यांमध्ये मूळ दोष मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतील गाठीत असतो. उरलेल्यांमध्ये अ‍ॅड्रिनल ग्रंथीतच गाठ असते. तिसरा अ‍ॅडिसनचा विकार हा याच्या नेमका उलट आहे. यात अ‍ॅड्रिनल ग्रंथी निकामी होत जातात, रक्तातील सोडियम घटते, पोटॅशियम वाढते आणि प्राणी अचानक कोसळू शकतो. चौथा विकार थायरॉइड ग्रंथी मंदावण्याचा. वजन वाढणे, सुस्ती, थंडी सहन न होणे आणि केस गळणे ही त्याची लक्षणे होत.

अमेरिकेतील पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकापेक्षा अधिक संप्रेरक-विकार असलेल्या ३५ कुत्र्यांच्या नोंदी तपासण्यात आल्या. त्यांपैकी निम्म्याहून अधिक कुत्र्यांमध्ये मधुमेह आणि कुशिंग ही जोडी होती. मधुमेहासोबत मंद थायरॉइड आणि अ‍ॅडिसनसोबत मंद थायरॉइड या जोड्याही आढळल्या. पहिल्या आणि दुसऱ्या विकाराच्या निदानात सरासरी वर्षाहून अधिक अंतर होते. म्हणजेच एका विकाराचे निदान झाले म्हणून पुढचा शोध थांबवून चालत नाही.

मधुमेह आणि कुशिंग

कॉर्टिसोल इन्सुलिनच्या कार्याला विरोध करते. त्यामुळे कुशिंग झालेल्या मधुमेही कुत्र्याला अधिकाधिक इन्सुलिन लागते. दर किलो वजनामागे दीड युनिटपर्यंत मात्रा देऊनही साखर चढीच राहिली, तर पशुवैद्य अशा प्रतिरोधाचे कारण शोधू लागतात.

निदान मात्र घाईने करता येत नाही. आटोक्यात नसलेला मधुमेह हाही शरीरावरचा ताण असतो आणि तणावामुळे कॉर्टिसोल वाढते. तहान, लघवी आणि भूक वाढणे ही लक्षणेही दोन्ही विकारांत सारखीच असतात. अशा अवस्थेत केलेली चाचणी नसलेला कुशिंग दाखवू शकते. म्हणून प्रकृती परवानगी देत असेल, तर आधी काही आठवडे इन्सुलिनने मधुमेह शक्य तितका सावरावा आणि मग कॉर्टिसोलच्या चाचण्या कराव्यात, असा प्रघात आहे.

कुशिंगवर प्रामुख्याने ट्रायलोस्टेन हे औषध अन्नाबरोबर दिले जाते. ते कॉर्टिसोलची निर्मिती रोखते. सर्वांत नाजूक काळ येथून सुरू होतो. कॉर्टिसोल उतरू लागले की इन्सुलिनचा प्रभाव वाढतो आणि जुनीच मात्रा चालू राहिल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. म्हणून औषध सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तशर्करेवर बारीक लक्ष ठेवून पशुवैद्य इन्सुलिन कमी करत नेतात. साधारण दहा ते चौदा दिवसांनी कॉर्टिसोलचीही तपासणी होते. कारण ट्रायलोस्टेन जास्त झाले, तर कुशिंगच्या जागी अ‍ॅडिसनसारखी अवस्था निर्माण होते.

थायरॉइड : आधी खात्री, मग गोळी

कोणत्याही गंभीर आजारात कुत्र्याच्या रक्तातील थायरॉइड संप्रेरकाची पातळी खाली येते. स्टेरॉइड आणि आकडीवरील फेनोबार्बिटोन यांसारख्या औषधांनीही ती उतरते. त्यामुळे मधुमेह किंवा कुशिंग आटोक्यात नसताना केवळ टी-४ कमी आला म्हणून थायरॉइडची गोळी सुरू करणे योग्य नव्हे. मुक्त टी-४ आणि टीएसएच या चाचण्यांची जोड घेऊन, गरज पडल्यास काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करून निर्णय घेतला जातो.

निदान पक्के झाल्यावर लागणारी मात्रा अनेकांना चकित करते. दहा किलोच्या कुत्र्याला लेव्होथायरॉक्सिनचे सुमारे २०० मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा लागू शकतात; प्रौढ माणसाला अनेकदा दिवसाकाठी १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास मात्रा पुरते. कुत्र्याच्या शरीरात हे औषध कमी शोषले जाते आणि लवकर बाहेर पडते, हे त्याचे कारण. औषधविक्रेत्याने शंका घेतली म्हणून ही मात्रा परस्पर कमी करू नये. मात्र मधुमेह, हृदयविकार किंवा अ‍ॅडिसन सोबत असेल, तर पशुवैद्य कमी मात्रेने प्रारंभ करून ती हळूहळू वाढवतात. थायरॉइड सुधारला की इन्सुलिनची गरजही घटते, हे येथेही ध्यानात ठेवावे लागते.

अ‍ॅडिसन असेल, तर क्रम चुकवू नये

अ‍ॅडिसन आणि मंद थायरॉइड एकत्र असतील, तर आधी अ‍ॅड्रिनल ग्रंथीची उणीव भरून काढणे आवश्यक असते. थायरॉइडच्या गोळीने शरीराचा चयापचय वाढतो आणि शिल्लक असलेले थोडेसे कॉर्टिसोलही लवकर संपते. प्रेडनिसोलोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोनने प्रकृती स्थिरावण्याआधी थायरॉइडचा उपचार सुरू केला, तर प्राण्याला अ‍ॅड्रिनलचा तीव्र झटका येऊ शकतो.

मधुमेहासोबत अ‍ॅडिसन असेल, तर पेच वेगळा असतो. प्रेडनिसोलोन जगण्यासाठी आवश्यक असते, पण ते साखर वाढवते. येथे गरजेपुरती किमान मात्रा ठरवून इन्सुलिन तिच्याशी जुळवून घेतात. साखर वाढली म्हणून स्टेरॉइड अचानक बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

दोन दुर्लक्षित कारणे

नवा विकार शोधण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. मादी माजावर येऊन गेल्यानंतरच्या आठवड्यांत प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाने स्तनग्रंथींतून वाढीचे संप्रेरक स्रवते आणि इन्सुलिन निष्प्रभ होऊ लागते. मधुमेही मादीची नसबंदी वेळेवर करणे हा म्हणूनच उपचाराचा भाग ठरतो. दुसरे कारण घरातल्या औषधांचे. खाजेवर लावलेले माणसांचे स्टेरॉइडयुक्त मलम, कानात किंवा डोळ्यांत घातलेले स्टेरॉइडचे थेंब यांनीही साखर वाढते, तर दीर्घ वापराने कुशिंगसारखी लक्षणे उमटतात. अशा प्रत्येक औषधाची माहिती पशुवैद्याला द्यावी.

घरातील दक्षता

भारतात इन्सुलिन मिलिलिटरला ४० आणि १०० युनिट अशा दोन तीव्रतांत मिळते आणि दोन्हींसाठी वेगवेगळ्या सिरिंज असतात. ४० युनिटच्या सिरिंजमध्ये १०० युनिटचे इन्सुलिन त्याच खुणेपर्यंत भरले, तर अडीचपट मात्रा टोचली जाते. कुपीवरील आणि सिरिंजवरील आकडा जुळतो का, हे प्रत्येक नव्या खरेदीच्या वेळी पाहावे. माणसांसाठीच्या ग्लुकोमीटरवर कुत्र्याची साखर बहुधा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते; म्हणून कोणते यंत्र वापरले हे पशुवैद्याला सांगावे.

एक वही ठेवून तीत रोजचे इन्सुलिन, इतर गोळ्या, जेवण, पाणी, वजन आणि साखरेचे आकडे लिहावेत. दोन विकारांच्या उपचारात कोणत्या दिवशी काय बदलले, हे त्या वहीतूनच कळते. शक्यतो एका वेळी एकाच औषधाची मात्रा बदलावी.

सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे कुत्र्याने जेवण नाकारणे. मधुमेहात उपाशीपोटी पूर्ण मात्रा दिली, तर साखर कोसळण्याची भीती असते. ट्रायलोस्टेन चालू असताना अन्नावरची वासना जाणे, उलटी, जुलाब आणि गळून जाणे हे कॉर्टिसोल फार उतरल्याचे लक्षण असू शकते. त्यामुळे अशा दिवशी नेहमीचे इन्सुलिन किंवा ट्रायलोस्टेन देण्याआधी पशुवैद्याला विचारावे. अ‍ॅडिसन असलेल्या कुत्र्याचे स्टेरॉइड मात्र थांबवू नये. गोळी पोटात टिकत नसेल, तर त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. कुत्रा लडखडू लागला, थरथरला किंवा त्याला झटके आले, तर हिरड्यांवर मध किंवा साखरेचा पाक चोळावा, तोंडात पातळ पदार्थ ओतू नये आणि विनाविलंब उपचार मिळवावेत.

अशा कुत्र्यांत साखरेचा प्रत्येक आकडा आदर्श ठेवणे हे उद्दिष्ट नसते. तहान आटोक्यात, वजन स्थिर, भूक चांगली आणि साखर कोसळण्याचे प्रसंग नाहीत, एवढे साधले तरी उपचार यशस्वी मानले जातात. एका विकाराचे औषध बदलले की दुसऱ्याची मात्रा पुन्हा तपासायची, हा नियम मात्र उपचार चालू असेपर्यंत पाळावा लागतो.