तळघरातील गॅस उपकरणे : कोलकात्यातील तीन गॅस आणि सुरक्षिततेचे निकष

कोलकाता : घराच्या तळघरात गॅसवर चालणारी शेकोटी, अर्थात ‘गॅस फायरप्लेस’, बसविण्याची पद्धत अमेरिका, कॅनडासारख्या थंड देशांत रूढ आहे. कोलकात्यात जानेवारीतील सरासरी किमान तापमान सुमारे 14 अंश सेल्सिअस असल्याने येथे तिची गरज क्वचितच भासते. मात्र शेकोटी असो, गीझर असो वा शेगडी, जमिनीखालच्या खोलीत गॅसचे उपकरण बसविण्यापूर्वी घरात येणारा गॅस कोणता, हे पाहणे आवश्यक ठरते. या शहराने आजवर तीन प्रकारचे गॅस वापरले असून प्रत्येकाचा धोका वेगळा आहे.

कोळशाचा गॅस

ओरिएंटल गॅस कंपनीच्या पुरवठ्यावर 1857 मध्ये कोलकात्याच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. मुंबईत हे दिवे 1865 मध्ये आले. दगडी कोळशापासून तयार होणाऱ्या या वायूत हायड्रोजन व मिथेनबरोबर विषारी कार्बन मोनॉक्साइडही असे. त्यामुळे आग न लागताही केवळ गळती प्राणघातक ठरू शकत असे.

सिलिंडरमधील गॅस

इंडियन ऑइलच्या ‘इंडेन’ची पहिली जोडणी 22 ऑक्टोबर 1965 रोजी कोलकात्यातच देण्यात आली. प्रोपेन व ब्युटेनचे मिश्रण असलेला हा एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळती झाल्यास तो जमिनीलगत पसरतो आणि सखल जागी साचतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे 2 टक्के झाले तरी एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. तळघरातून तो बाहेर पडण्यास वाटच नसते. याच कारणास्तव सिलिंडर तळघरात ठेवू नये, असा सुरक्षा नियम आहे.

नळाद्वारे येणारा नैसर्गिक वायू

गेल आणि ग्रेटर कलकत्ता गॅस सप्लाय कॉर्पोरेशन यांच्या भागीदारीतून 2019 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल गॅस कंपनीकडे कोलकाता व लगतच्या भागांतील नैसर्गिक वायू वितरणाची जबाबदारी आहे. मुख्यतः मिथेन असलेला हा वायू हवेपेक्षा हलका असून वर जातो. उघड्या खिडकीतून तो निघून जातो. परंतु बंद तळघरात छताखाली साचतो वा जिन्यावाटे वरच्या मजल्यावर पोहोचतो. हवेत 5 ते 15 टक्के प्रमाणात तो स्फोटक ठरतो.

धुराची वाट

गळती नसतानाही धोका संपत नाही. हवा अपुरी पडल्यास ज्वलन अर्धवट राहून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग वा वास नसतो. बंद न्हाणीघरातील गॅस गीझरमुळे होणाऱ्या मृत्यूंमागे बहुधा हेच कारण असते. त्यामुळे तळघरातील शेकोटीसाठी बंदिस्त काचेची, दुहेरी नळीची रचना अधिक सुरक्षित मानली जाते. तिची एक नळी बाहेरची हवा ज्वालेपर्यंत आणते, तर दुसरी धूर थेट घराबाहेर सोडते.

कोलकात्यात आणखी एक अडचण आहे. हुगळीकाठचे हे शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंचीवर असून पावसाळ्यात सखल भागांत पाणी तुंबते. पाण्याखाली गेलेल्या उपकरणाचे बर्नर, झडपा व संवेदक गंजतात. असे उपकरण तपासणीशिवाय पुन्हा पेटविणे धोक्याचे असते.

तळघरातील आग किती घातक ठरते, हे या शहराने 9 डिसेंबर 2011 रोजी अनुभवले. ढाकुरिया येथील रुग्णालयाच्या तळघरात लागलेल्या आगीचा धूर वरच्या मजल्यांवर पसरून सुमारे 90 जणांचा मृत्यू झाला. ती आग गॅसची नव्हती. मात्र बहुतेकांचा बळी ज्वाळांनी नव्हे, तर धुराने घेतला.

काय करावे?

गॅसचा वास आल्यास विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नये. हाताशी असल्यास रेग्युलेटर वा नळाची मुख्य झडप बंद करावी, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि सर्वांनी घराबाहेर पडावे. तळघरात वास येत असल्यास आत उतरू नये. एलपीजी गळतीसाठी 1906, तर आग लागल्यास अग्निशमन दलाच्या 101 क्रमांकावर बाहेरूनच संपर्क साधावा. नळाच्या गॅसबाबत वितरक कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.