सीव्हीतला गॅप आणि मंगलाताई नारळीकर

मी गोंदियाचा, बीटेक केलं, आता कोड लिहून पोट भरतो. इंटरव्ह्यूत हमखास येणारा प्रश्न तुम्हालाही माहीत असेल: "सीव्हीत हा गॅप कसला?" आज ज्यांच्याबद्दल बोलतोय, त्यांच्या एमए आणि पीएचडीमध्ये १७ वर्षांचं अंतर आहे.

मंगला राजवाडे, जन्म १९४३, मुंबई. १९६४ ला मुंबई विद्यापीठात गणिताच्या एमएला पहिल्या, वर सुवर्णपदक. लगेच टीआयएफआरमध्ये संशोधन सुरू. मग जयंत नारळीकरांशी लग्न, केंब्रिज, मुली, घर. तिथेही त्या गणित शिकवत होत्याच. १९७२ ला कुटुंब मुंबईत परतलं आणि पीएचडी झाली १९८१ ला, वयाच्या ३८ व्या वर्षी. जयंतरावांची झाली होती २५ व्या वर्षी. गॅप कुणाच्या वाट्याला येतो, ते इथेच दिसतं.

त्यांचा विषय होता संख्यांची चाळणी. आपल्याकडे राईस मिलमध्ये चाळणीने कणी वेगळी करतात ना, तसंच. १ ते ३० आकडे लिहा. २, ३ आणि ५ ने भाग जाणारे काढून टाका. आठच उरतात: १, ७, ११, १३, १७, १९, २३, २९. हे हाताने जमतं. पण आकडे कोटींच्या पुढे नेले, चाळण्या वाढवल्या, की उरलेल्यांचा अंदाजच करावा लागतो. तो अंदाज जास्तीत जास्त किती चुकेल, हे पक्कं सांगायला अ‍ॅनालिसिस लागतं.

पुढे त्यांनी पुणे विद्यापीठात शिकवलं, मराठीत 'गणितगप्पा' लिहिलं. आणि २०१९ ला दुसरीच्या पुस्तकावरून वाद पेटला. 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं होतं, आणि बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगलाताई. मीम्स फिरले, विधानसभेतही विषय गाजला. त्यांचं म्हणणं साधं होतं: लिहिताना २ आधी येतो, बोलताना 'एक' आधी येतो, तिथे मूल गोंधळतं. आता आपल्या जिल्ह्यात घरी पोवारी किंवा गोंडी बोलणारं लेकरू डोळ्यापुढे आणा. त्याला 'पंच्याण्णव' पाठ करण्यापेक्षा 'नव्वद पाच' सोपं नाही का जाणार? मला तरी पटतं.

१७ जुलै २०२३ ला त्या पुण्यात गेल्या. तुमच्या घरात आई, काकू, वहिनी, कुणाचं शिक्षण किंवा काम मध्येच थांबलं असेल, तर आज त्यांना एकदा विचारा: परत सुरू करायचं का? आणि हो म्हणाल्या, तर घरातलं कुठलं काम तुम्ही उचलणार, तेही लगेच सांगून टाका.

भेटू पुढच्या भागात!