बिदागी, तबकडी आणि पडदा

कलावंतिणींविषयी आमच्या प्रांतात पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ते बहुधा गायकीसंबंधी, नाहीतर समाजसुधारणेसंबंधी. त्यांच्या व्यवसायाचा व्यवहार कसा चाले, मोबदला कोणाच्या हातून येई आणि कोणाच्या इच्छेने थांबे, हा विषय मागे राहिला. वकिली पेशामुळे आमचे लक्ष नेमके तेथेच जाते.

गोव्याच्या देवस्थानांत पालखीपुढे, मखरापुढे गाणेनाचणे ही सेवा होती. शेंसविधी झालेल्या मुलीला विवाह नसे. देवळाकडून थोडेबहुत मिळे, पण चरितार्थ चाले तो यजमानाच्या आश्रयावर. 1933 ची देवस्थानांची पोर्तुगीज नियमावली, जिला आपण मजानीचा कायदा म्हणतो, ती आजही लागू आहे. तिच्या दृष्टीने देवस्थानचे घटक ते महाजन, सेवेकरी नव्हेत. ज्या सभामंडपात त्या स्त्रीचा आवाज घुमे, त्याच्या कारभारात तिचा शब्द चालत नसे. मुंबई इलाख्यात 1934 च्या देवदासी संरक्षण कायद्याने समर्पण बेकायदा ठरविले व अशा स्त्रीचा विवाह वैध मानला. चरितार्थाची नवी वाट मात्र त्याआधीच एका यंत्राने उघडली होती.

1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीचा गैसबर्ग कलकत्त्यास उतरला. कुलीन म्हणविणाऱ्या घरांतील स्त्रिया त्या कर्ण्यापुढे गावयास येईनात. आल्या त्या गणिका आणि नाटकांतील नटी. गौहरजानने गाणे संपताच इंग्रजीत आपले नाव उच्चारले, ते आजही तबकडीवर ऐकू येते. यजमानाच्या माडीवरचा आवाज बाजारात विकत मिळू लागला. पण मालकी कोणाची? 1914 च्या कायद्याने मूळ तबकडीचा जो मालक तोच तिचा कर्ता मानला! गाणारीला ठरलेली रक्कम मिळाली की संबंध संपला. कलावंताचा स्वतंत्र हक्क आपल्या कायद्यात शिरला तो 1994 च्या दुरुस्तीने, आणि त्याला मानधनाची जोड मिळाली 2012 मध्ये. तोवर त्या पिढीतील बहुतेक जणी कालवश झाल्या होत्या.

केरीच्या केसरबाई केरकर व कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर या दोघीही अल्लादियाखाँच्या शिष्या. एकीला 1969 मध्ये, दुसरीला 1974 मध्ये पद्मभूषण मिळाले. केसरबाईंची एक भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरील तबकडीतून अंतराळात गेली. आम्ही सर्वजण त्याचा अभिमान सांगतो, आणि सांगावाच. पण 1946 मध्ये, सरदार पटेलांकडे नभोवाणी खाते असताना, ज्यांच्या खाजगी जीवनाविषयी लोकापवाद आहे अशा गायिकांना नभोवाणीचे दार बंद करण्यात आले, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. गाणे हवे होते. गाणारी नको होती.

हा सारा इतिहास आठवावयाचे कारण आजचे आहे. कलावंतिणींची विद्या आणि आजचा नग्नतेचा व्यवसाय एकच, असे कोणी आमच्या तोंडी घालू नये. साम्य आहे ते केवळ व्यवहाराचे.

अमेरिकेतील प्रौढांच्या चित्रपटांत काम करणारी स्त्री दिवसाच्या हिशेबाने पैसे घेई. चित्रपट पुढे वर्षानुवर्षे विकला तरी तिला त्यातून काही मिळत नसे. 2007 नंतर तेच चित्रपट इंटरनेटवर फुकट दिसू लागले आणि ध्वनिचित्रफितींचा धंदा खचला. 2016 मध्ये लंडनला ‘ओन्लीफॅन्स’ निघाले. येथे ग्राहक वर्गणी थेट तिलाच देतो. शंभरांतले ऐंशी तिचे, वीस कंपनीचे. यजमान गेला, कंपनीचा कर्णा गेला, ती स्वतःच मालकीण झाली असे वाटले. तथापि ऑगस्ट 2021 मध्ये कंपनीने असले उघडे चित्रण बंद करण्याची घोषणा केली, कारण बँकांची नाराजी. आणि आठवडा उलटण्यापूर्वीच ती मागे घेतली. त्याआधी डिसेंबर 2020 मध्ये व्हिसा व मास्टरकार्ड यांनी ‘पॉर्नहब’चे व्यवहार थांबविले होते. संमतीवाचून घेतलेली चित्रणे तेथे होती, हे कारण खरे आणि गंभीर होते. पण राजीखुशीने काम करणाऱ्या स्त्रियांचे उत्पन्नही त्याच दिवशी आटले.

आपल्याकडे प्रश्न याहून अवघड आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 67-अ कलमाखाली असे चित्रण प्रसिद्ध करणाऱ्यास पहिल्याच अपराधासाठी पाच वर्षांपर्यंत कैद व दहा लाखांपर्यंत दंड आहे. प्रसिद्ध करणारी स्त्री स्वतःच त्यात दिसत असली तरी कलम तिला वगळीत नाही. शिवाय 1872 च्या करार कायद्याचे 23 वे कलम बेकायदा हेतूचा करार रद्दबातल मानते. दलालाने पैसे बुडविले, तर ती दावा कशाच्या आधारे लावणार? 1902 च्या गायिकेची ठरलेली बिदागी थकली असती, तर निदान दिवाणी न्यायालयाचे दार तिला उघडे होते.