लासलगावचा कांदा, मेंदूतील गाठ आणि अस्सल पेशींचा शोध

१/ लासलगाव म्हटले की कांद्याचे लिलाव आठवतात. निफाड तालुक्यातील याच गावी भाभा अणुसंशोधन केंद्राने एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी 'कृषक', म्हणजे कृषी उत्पादन संरक्षण केंद्र, उभारले. २००७ साली भारतीय आंबा दीर्घ खंडानंतर अमेरिकेस गेला, तो येथील विकिरण प्रक्रियेतून. पण केंद्राचे मूळ काम कांद्याला कोंब फुटू न देणे, हे होते. या कामामागचे तत्त्व आपल्याला थेट मेंदूच्या कर्करोगाच्या इतिहासापर्यंत नेते.

२/ चाळीतला कांदा बाहेरून निजलेला दिसतो. त्याच्या गाभ्यातील पेशी मात्र योग्य वेळ येताच विभाजू लागतात आणि कोंब फुटतो. कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण या पेशींच्या डीएनएवर आघात करतात आणि विभाजन थांबते. कांदा किरणोत्सारी होत नाही. त्याची फक्त वाढ खुंटते. यासाठी साधारण ६० ते ९० ग्रे इतकी मात्रा पुरते. ग्रे हे शोषलेल्या किरणोत्सर्गाचे एकक होय.

३/ जी पेशी वेगाने विभाजते तिला किरणांचा आघात अधिक बसतो, हा नियम बर्गोनिए आणि ट्रिबोंडो या फ्रेंच संशोधकांनी १९०६ साली मांडला. कर्करोगावरील किरणोपचार याच विचारावर उभे राहिले. मग मेंदूतील सर्वांत आक्रमक गाठीवर हे अस्त्र का पुरेसे ठरले नाही?

४/ त्या गाठीचे नाव ग्लायोब्लास्टोमा. १९२६ साली पर्सिव्हल बेली आणि हार्वे कुशिंग यांनी मेंदूतील गाठींचे जे वर्गीकरण केले, त्यातून हे नाव रूढ झाले. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत किरणोपचारामुळे रुग्णांचे मध्यक आयुर्मान सुमारे १४ आठवड्यांवरून ३५ आठवड्यांवर गेले. २००५ साली टेमोझोलोमाइड या औषधाची जोड मिळाली आणि ते १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर पोहोचले.

५/ या उपचारातील प्रचलित मात्रा आहे ६० ग्रे. कांद्याच्या मात्रेइतकीच! कांद्याला ती एका दमात मिळते. रुग्णाला मात्र सहा आठवड्यांत ३० हप्त्यांनी दिली जाते, म्हणजे निरोगी मेंदूला सावरायला अवधी मिळतो. तरीही कांद्याचा कोंब थांबतो आणि गाठ बहुधा पुन्हा उगवते. मागे उरणाऱ्या पेशी कोणत्या, हे जिवंत माणसाच्या मेंदूत पाहता येत नाही. त्यासाठी त्या पेशी शरीराबाहेर वाढवाव्या लागतात.

६/ शरीराबाहेर, काचेच्या वा प्लास्टिकच्या भांड्यात, पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहणारा पेशींचा वंश म्हणजे 'सेल लाइन'. भारतात या विद्येचा पाया मुंबईत घातला गेला. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी बाल्टिमोर येथे जॉर्ज ओटो गे यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. परतल्यावर डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखालील इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये, परळ येथे, त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

७/ गे यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ साली 'हेला' ही प्रसिद्ध सेल लाइन जन्मली. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतून, तिची संमती न घेता. या पेशी इतक्या जोमदार निघाल्या की इतर भांड्यांत शिरून तेथील मूळ पेशींची जागा बळकावू लागल्या. १९६६ साली स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवून दिले की वेगवेगळ्या नावांनी वापरल्या जाणाऱ्या अनेक सेल लाइन प्रत्यक्षात हेलाच होत्या.

८/ त्याच दशकात स्वीडनमधील उप्साला येथे यान पोंटेन यांनी ग्लायोब्लास्टोमाच्या एका रुग्णाच्या गाठीतून 'यू-८७' ही सेल लाइन तयार केली. पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत मेंदूच्या गाठीवरील असंख्य प्रयोग याच नावाच्या पेशींवर झाले. २०१६ साली उप्सालाच्याच संशोधकांनी जपून ठेवलेल्या मूळ गाठीचा डीएनए आणि सर्वत्र वितरित होणाऱ्या पेशींचा डीएनए ताडून पाहिला. दोन्ही जुळले नाहीत.

९/ या वितरित पेशी बहुधा ग्लायोब्लास्टोमाच्याच होत्या, म्हणून सारे संशोधन वाया गेले असे नव्हे. पण त्या कोणाच्या, हे कोणालाच सांगता येईना. इतिहासाच्या अभ्यासकाला हा पेच परिचित आहे. कागद जुना आहे, मजकूरही विश्वासार्ह भासतो. पण तो कोणी, कोठे लिहिला ते ठाऊक नाही. राजवाड्यांनी ज्या साधनचिकित्सेचा आग्रह धरला, तीच चिकित्सा येथे पेशींची करावी लागली.

१०/ म्हणूनच स्वतःच्या हाताने, ज्ञात उगमातून तयार केलेल्या सेल लाइनला मोल असते. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरच्या प्रयोगशाळांना सेल लाइन पुरवते. तेथेच डॉ. अंजली शिरास आणि सहकाऱ्यांनी ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णाच्या गाठीतून 'एचएनजीसी-१' ही सेल लाइन मिळवली. तिची वाढ संथ होती आणि ती गाठ निर्माण करीत नव्हती. तिच्यातूनच आपोआप 'एचएनजीसी-२' उद्भवली: वेगाने वाढणारी, गाठ निर्माण करणारी. हे काम २००३ साली प्रसिद्ध झाले. एकाच वंशातील दोन पिढ्या शेजारी ठेवून पेशी आक्रमक कशी होते, हे तपासण्याची सोय त्यामुळे झाली.

११/ आणि किरणांतून वाचणाऱ्या पेशी? परळच्या संशोधन केंद्राचा वारसा पुढे टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील 'ॲक्ट्रेक' या संस्थेकडे आला. तेथे डॉ. शिल्पी दत्त यांच्या गटाने ग्लायोब्लास्टोमाच्या पेशींना किरणोत्सर्ग दिला आणि त्यातून तगलेल्या मोजक्या पेशींवर लक्ष ठेवले. २०१५ साली त्यांनी दाखवले की या पेशी काही काळ विभाजन थांबवतात, एकमेकींत विलीन होऊन अनेक केंद्रके असलेल्या महाकाय पेशी बनतात आणि नंतर पुन्हा वाढू लागतात.

१२/ बर्गोनिए-ट्रिबोंडो यांचा नियम वेगाने विभाजणाऱ्या पेशीला लागू पडतो. थांबून वाट पाहणारी पेशी त्यातून निसटते. कांद्याचा कोंब न फुटणे आणि गाठ परत येणे यांतील अंतर इथे आहे. लासलगावचे केंद्र आणि खारघरची संस्था या दोन्ही केंद्रीय अणुऊर्जा विभागाच्या छत्राखालच्या, हाही इतिहासाचा एक योग.

१३/ आज सेल लाइनचा डीएनए-ठसा तपासणे ही प्रयोगाची पहिली पायरी मानली जाते. कारण भांड्यातल्या पेशी चुकीच्या असतील, तर त्यांवर बेतलेले औषधही चुकीच्या शत्रूवर चालते. त्याची किंमत मोजतो तो ज्याच्या हाती जेमतेम सव्वा वर्ष आहे असा रुग्ण.