डबीतला गळ कुणाचा?

ट्रेकिंगच्या दुकानातून किंवा ऑनलाइन ‘सर्व्हायवल किट’ मागवलं, की बहुतेकदा तळहातावर मावेल एवढी पत्र्याची डबी हाती येते. आत इवलंसं होकायंत्र, ठिणग्या पाडायची काडी, शिट्टी, तारेची करवत, सुईदोरा, चिकटपट्ट्या आणि मासे धरायचे दोन-तीन गळ, दोऱ्यासकट. मे महिन्यात गडावरच्या टाक्यात प्यायला पाणी आहे का, याची चौकशी करून ज्याला घर सोडावं लागतं, त्याच्या सॅकमध्ये मासेमारीची सोय! हा विनोद कुणी मुद्दाम केलेला नाही. डबीतली प्रत्येक वस्तू कधीकाळी कुणाच्या तरी खऱ्या अडचणीवर उतारा म्हणून आत गेली. फक्त त्या अडचणी एका माणसाच्या नव्हत्या आणि एका मुलखातल्याही नव्हत्या.

सर्वांत जुनी पिशवी पाहायची तर आल्प्स पर्वतात जावं लागेल. ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर, सुमारे ३,२०० मीटर उंचीवर, सप्टेंबर १९९१ मध्ये दोन जर्मन गिरिभ्रमणकर्त्यांना बर्फातून वर आलेलं एक प्रेत दिसलं. ते सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचं निघालं. ‘ऑट्झी’ या नावाने तो आता जगाला ठाऊक आहे. त्याच्या कमरेला कातड्याची पिशवी होती. तिच्यात गारगोटीची छोटी हत्यारं, हाडाची आरी आणि झाडावर वाढणाऱ्या एका अळंबीचा वाळलेला गाभा होता. या गाभ्यावर ठिणगी पडली की तो धुमसत राहतो. त्याला लोहमाक्षिकाचे कणही चिकटलेले सापडले, म्हणजे ठिणगी पाडायची रीत त्याला माहीत होती. शिवाय बर्च झाडाच्या सालीची दोन भांडी होती. एकात मॅपलच्या पानांत गुंडाळलेले कोळशाचे तुकडे मिळाले. विस्तव पानांत जपून एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामाला न्यायचा, अशी ती सोय असावी.

पण ऑट्झीची पिशवी संकटकाळासाठी राखून ठेवलेली नव्हती. ती त्याच्या रोजच्या वापरातली होती. आपल्याकडे काडेपेटी घरोघरी पोचण्याआधी चिलीम ओढणाऱ्याजवळ चकमक, गार आणि कापूस असे, तसंच हे. जो रोज रानात वावरतो त्याला ‘जीव वाचवायचं साहित्य’ असा वेगळा कप्पा लागत नाही. तो कप्पा लागतो तो घरातल्या सोयींवर वाढलेल्या आणि काही काळापुरतं रानात गेलेल्या माणसाला.

एकोणिसाव्या शतकात अशी माणसं वाढली. नैऋत्य आफ्रिकेत भटकून आलेल्या फ्रान्सिस गॉल्टनने १८५५ मध्ये ‘द आर्ट ऑफ ट्रॅव्हल’ हे पुस्तक काढलं. विस्तव कसा पेटवावा, पाणी कसं शोधावं, मुक्काम कसा टाकावा, अशा सगळ्या युक्त्या त्यात होत्या. त्याच शतकात आल्प्सची शिखरं चढण्याचा नाद युरोपात पसरला आणि त्यासोबत अपघातही. १८९४ मध्ये क्लिंटन डेंट या ब्रिटिश गिर्यारोहकाने मदत मागण्याची एक ठरावीक खूण सुचवली. एका मिनिटात सहा इशारे द्यायचे, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. इशारा शिट्टीचा, दिव्याचा, हाकेचा, कशाचाही चालतो. उत्तर देणाऱ्याने मिनिटाला तीन इशारे द्यायचे. ही खूण आजही चालते. डबीतल्या शिट्टीला अर्थ दिला तो या खुणेने. त्याआधी शिट्टी म्हणजे नुसता आवाज होता.

डबीला तिचा आजचा आकार मात्र युद्धाने दिला. डिसेंबर १९३९ मध्ये ब्रिटनने ‘एमआय-९’ नावाचं गुप्त खातं उघडलं. शत्रूच्या मुलखात उतरावं लागलेल्या किंवा कैदेत पडलेल्या आपल्या माणसांना निसटून परत यायला मदत करायची, हे त्याचं काम. लागणारं साहित्य घडवायला त्यांनी ख्रिस्तोफर क्लेटन हटन या अवलियाला घेतलं. या गृहस्थाने तरुणपणी, १९१३ मध्ये, प्रसिद्ध जादूगार हुडिनीला आव्हान दिलं होतं: आमच्या वखारीतल्या सुताराने बनवलेल्या लाकडी खोक्यातून सुटून दाखव. हुडिनी सुटला. त्याने सुताराला आधीच पैसे चारले होते, हे हटनला पुढे कळलं. बाहेर पडायची वाट आत जाण्याआधीच करून ठेवायची असते, हा धडा त्याला याहून स्वस्तात मिळाला नसता.

खात्यात आल्यावर हटनने पहिली खरेदी केली ती जुन्या पुस्तकांची. पहिल्या महायुद्धात कैदेतून पळालेल्यांच्या आठवणींची पुस्तकं त्याने गोळा केली आणि रग्बी शाळेतल्या वरच्या वर्गातल्या मुलांना ती वाचून सारांश काढायला दिले. पळणाऱ्यांचं कुठे अडलं, कशाने निभावलं, याची टिपणं तयार झाली. त्यातून गरजा पुढे आल्या: नकाशा, दिशा आणि पोटाला आधार.

कागदी नकाशा उघडताना कुरकुरतो, भिजला की फाटतो. हटनने तो रेशमावर छापायचं ठरवलं. पहिल्या प्रयत्नांत शाई पसरली. मग शाईत पेक्टिन मिसळलं. जॅम घट्ट करतो तोच हा पदार्थ. त्याने रेघा जागच्या जागी बसल्या. असा नकाशा कोटाच्या अस्तरात शिवला तरी झडतीत हाताला लागत नसे. होकायंत्रं इतकी लहान केली की ती गणवेशाच्या बटणांत बसू लागली. बटणाचं झाकण फिरवून उघडतं हे जर्मनांच्या लक्षात आलं, तेव्हा आटे उलटे पाडले. संशयाने कुणी बटण नेहमीच्या दिशेने फिरवलं तर ते उघडण्याऐवजी आणखी घट्ट बसे.

आणि पोटासाठी डबा. पन्नास सिगारेटी मावणारा चपटा पत्र्याचा डबा हटनने उचलला, कारण तो गणवेशाच्या खिशात जाई. आत माल्टेड दुधाच्या गोळ्या, चॉकलेट, काडेपेटीच्या काड्या, थकवा मारणाऱ्या बेन्झेड्रिनच्या गोळ्या, पाणी भरायला रबरी पिशवी आणि हॅलझोनच्या गोळ्या. हॅलझोन हे क्लोरीनचं संयुग. पहिल्या महायुद्धाच्या काळात पिण्याचं पाणी निर्जंतुक करण्यासाठी ते पुढे आलं होतं. पत्र्यात पाणी शिरतं म्हणून पुढे हा डबा प्लॅस्टिकचा झाला.

या डब्यात शिट्टी नव्हती, आरसाही नव्हता. वैमानिकाला कुणाच्या नजरेस पडायचंच नव्हतं. रात्री चालायचं, दिवसा दडायचं आणि काही दिवस कुणाच्या दारात न जाता काढायचे, त्यासाठी हा खाऊ.

समुद्रावर पडणाऱ्याची अडचण याच्या नेमकी उलट होती. ऑक्टोबर १९४२ मध्ये अमेरिकेचा नामांकित वैमानिक एडी रिकनबॅकर याचं बी-१७ विमान इंधन संपून प्रशांत महासागरात उतरलं. आठ माणसं रबरी होड्यांत चढली. खायला चार संत्री होती, पाणी नव्हतं. होड्यांत गळ होते, पण आमिष नव्हतं. आठव्या दिवशी एक समुद्रपक्षी रिकनबॅकरच्या डोक्यावर येऊन बसला. त्याने तो अलगद पकडला. मांस सगळ्यांनी वाटून खाल्लं आणि आतडी गळाला लावली. मासे मिळाले. पावसाचं पाणी कपड्यांत टिपून, पिळून प्यायले. एक जण वाटेत गेला. शोधणारी विमानं वरून जात, पण एवढ्या पाण्यात होडीचा ठिपका त्यांना दिसत नसे. सुटका झाली चोविसाव्या दिवशी. भोवती मैलोन्‌मैल समुद्र असणाऱ्याच्या डबीत गळ शोभतो, त्याचं कूळ हे. युद्धाच्या पुढच्या वर्षांत अमेरिकी होड्यांमध्ये मधोमध भोक असलेला आरसाही आला. त्या भोकातून विमानावर नेम धरायचा आणि उन्हाची तिरीप नेमकी वैमानिकाच्या डोळ्यावर टाकायची.

तिसरी तऱ्हा आपल्या देशात घडली. जपान्यांनी ब्रह्मदेश घेतल्यावर चीनला रसद पोचवायला आसाममधून हिमालयाच्या पूर्व टोकावरून विमानं जाऊ लागली. वैमानिक या वाटेला ‘हंप’ म्हणत. खाली घनदाट जंगल आणि डोंगर. २ ऑगस्ट १९४३ रोजी असंच एक विमान बिघडलं आणि त्यातल्या माणसांनी नागा टेकड्यांवर छत्रीने उड्या घेतल्या. एकवीस जणांपैकी वीस वाचले. एरिक सेव्हराइड हा अमेरिकी पत्रकार त्यांच्यात होता. वरून दुसऱ्या विमानाने त्यांना हेरलं, सामान टाकलं. डॉन फ्लिकिंजर हा लष्करी डॉक्टर दोन सहाय्यकांसह स्वतः छत्रीने उतरला. शेवटी मोकोकचुंगहून फिलिप ॲडम्स हा ब्रिटिश अधिकारी नागा साथीदार घेऊन डोंगर तुडवत आला आणि सगळ्यांना चालवत बाहेर घेऊन गेला. नागा माणसं नसती तर ही वाट कुणाला सापडली नसती.

त्या आघाडीवर उडणाऱ्यांजवळ कापडाची एक चिठ्ठी असे. या माणसाला सुखरूप पोचवा, सरकार बक्षीस देईल, असा मजकूर तिच्यावर त्या टापूतल्या अनेक भाषांत छापलेला असे. इतर सगळं सामान माणूस एकटा असेल असं धरून भरलेलं होतं. ही चिठ्ठी मात्र जवळपास कुठेतरी गाव असेल, या भरवशावर दिलेली होती.

लष्करातली डबी घराघरांत पोचली ती १९८६ मध्ये. ब्रिटनच्या एसएएस पलटणीत सव्वीस वर्षं काढलेल्या जॉन ‘लॉफ्टी’ वाइझमनने ‘एसएएस सर्व्हायवल हँडबुक’ लिहिलं. तंबाखूच्या डबीत काय काय भरावं, याची त्यात यादी आहे: मेणबत्ती, भिंग, ठिणगीची काडी, गळ, फाशाची तार, करवत, पोटॅशियम परमँगनेट आणि लिटरभर पाणी मावतं म्हणून चक्क निरोध. यातलं परमँगनेट आपल्या विहिरींच्या ओळखीचं. १८९० च्या दशकात आग्र्याच्या प्रयोगशाळेतल्या अर्नेस्ट हँकिनने पटकीला आवर घालण्यासाठी ते विहिरीत टाकायची शिफारस केली होती. ठिणगीच्या काडीतला मिश्रधातू ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअरचा, १९०३ चा. वाइझमनची पलटण मलाया आणि बोर्निओच्या जंगलांत लढलेली. त्या जंगलात आठवडाभर एकटं राहायचं असेल तर फास आणि गळ दोन्ही लागतात. पुस्तक खूप खपलं आणि दुकानांतल्या डब्यांनी त्या सैनिकाची यादी उचलली.

डोंगरवाल्यांची यादी याआधीच वेगळ्या वाटेने आली होती. सिएटलच्या ‘द माउंटेनियर्स’ संस्थेने १९३० च्या दशकात आपल्या प्रशिक्षणवर्गासाठी दहा वस्तू ठरवल्या: नकाशा, होकायंत्र, उन्हापासून बचाव, जादा कपडे, दिवा, प्रथमोपचार, आग पेटवायचं साधन, काड्या, चाकू, जादा खाणं. तिच्यात गळ नाही, फास नाही. ही यादी शिकार करून जगणाऱ्यासाठी नाही. पाय मुरगळल्याने रात्र डोंगरात काढावी लागलेला माणूस सकाळपर्यंत धड राहावा, यासाठी आहे.

सह्याद्रीत चकवा लागतो तो बहुधा ढोरवाटेने. चांगली मळलेली वाट म्हणून आपण तिच्यामागे जातो आणि ती कारवीच्या रानात विरून जाते. अंधार पडतो, पाणी संपलेलं असतं, खाली गावाचे दिवे दिसतात, पण मध्ये कडा. इथे माणूस माणसांपासून फार दूर नसतो, त्यामुळे उपाशी मरण्याची वेळ सहसा येत नाही. उन्हाने सुकणं, अंधारात घसरणं आणि शोधणाऱ्यांना न दिसणं, हे खरे धोके. म्हणून आपली डबी ‘सापडणाऱ्या’ माणसाची हवी. शिट्टी आणि सहाचा इशारा, कपाळावर बांधायचा दिवा आणि जादा सेल, लहान आरसा. पावसात अंगावर घ्यायला चंदेरी चादर. अमेरिकेच्या अंतराळ कार्यक्रमातून १९६० च्या दशकात ती आली आणि घडी केली तर मुठीत मावते. आणि ओआरएसच्या दोन पुड्या. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या याच पाण्याने पटकीचे असंख्य रोगी वाचवले. परदेशी डबीत ही पुडी क्वचितच असते. आपल्या उन्हाळ्यात तिच्याइतकी उपयोगी दुसरी वस्तू नाही.

गळ काढून टाकला तर या सगळ्याला जागा होते. आणि नागा टेकड्यांवरच्या त्या चिठ्ठीची जागा भरायला पायथ्याच्या गावात एवढं सांगून निघालं तरी पुरे: कोण आहोत, कुठल्या वाटेने चढतोय आणि किती वाजेपर्यंत उतरलो नाही तर शोधायला निघायचं.